बिनधुराची भट्टी

त्या वर्षी कच्च्या विटा सावलीत वाळवायची वेळ आली. वीट उन्हात वाळते हे वीटवाल्याला कळू लागल्यापासून ठाऊक होतं, पण त्या वर्षीचं ऊन वीट वाळवत नव्हतं, तडकवत होतं. सकाळी साच्यातून काढून ओळीनं मांडलेली वीट दुपारी उचलावी तर मधोमध चिरलेली. वीटवाला ती उलटसुलट करून बघायचा आणि पुन्हा चिखलात टाकायचा. चिखल तुडवताना पाय पोटरीपर्यंत आत जायचे. आपणच थापलेली वीट आपल्याच पायाखाली मोडताना त्याला वाईट वाटायचं.

शेवटी त्याच्या बायकोनं घरातली सगळी पोती बाहेर काढली. कालव्यात भिजवून ती विटांवर पसरायची. शेवटच्या ओळीपर्यंत पोचेपर्यंत पहिल्या ओळीवरची पोती कोरडी ठणठणीत झालेली असायची. मग ती पुन्हा कालव्याकडे निघायची. ओल्या पोत्यांनी तिचा खांदा सोलवटून निघाला होता. तिथं तिनं जुन्या कापडाची घडी बांधली होती.

"वहिनी, तान्ह्या पोराचीसुद्धा कुणी एवढी काळजी घेत नाही," वीटवाल्याचा धाकटा भाऊ म्हणायचा.

"पोर रडून सांगतं तरी," ती म्हणायची.

भट्टीची जागा गावाची होती. कालव्याच्या वळणावर एक उजाड तुकडा होता, तिथं वीटवाल्याच्या मामानं पहिली भट्टी लावली. मामाला खोकला जडला तेव्हा भाचा उभा राहिला. दरवर्षी गावसमिती मान हलवायची आणि भट्टी पेटायची. मान हलवण्यापलीकडे कुणाला काही करावं लागत नसे, कारण गावातलं जवळजवळ प्रत्येक घर याच विटांचं होतं. त्या वर्षी तर शाळेच्या दोन नव्या खोल्याही याच विटांनी बांधायच्या होत्या. जुनी शाळा पत्र्याची. दुपारी तिच्यात मुलं माना टाकायची. एका मुलीला वर्गात चक्कर आली, तेव्हापासून शाळेच्या बाई दर आठवड्याला भट्टीवर चक्कर मारायच्या.

"पावसाच्या आत मिळतील ना?"

"मिळतील बाई. कच्चा माल झाला की रचतो आणि पेटवतो. पाऊस आधी आला तर मात्र सगळा चिखल होईल. मग तुम्हीही घरी आणि आम्हीही घरी."

बाई हसायच्या, पण आभाळाकडे बघूनच परत जायच्या.

आता त्या सिनेमाचं सांगायला हवं. आदल्या वर्षी, भट्टी पेटलेली असताना, कॅमेरा घेऊन एक बाई आली होती. जगभर फिरून ती तापमानवाढीवर माहितीपट करत होती. वीटवाल्याशी ती अगदी अदबीनं बोलली. "तुम्ही रोज जसं करता तसंच करा," म्हणाली, "माझ्याकडे बघूसुद्धा नका."

वीटवाल्यानं तिच्याकडे बघितलं नाही, पण तिच्या कॅमेऱ्याकडे बघितलं. कॅमेरा भट्टीवर रोखलेला होता आणि भट्टी नेहमीसारखी निवांत जळत होती. वरून धुराची एक फिकट रेघ निघत होती, तीही पांढऱ्या आभाळात हरवून जात होती. एवढ्या लांबून माणूस आलंय, आणि दाखवायला काहीच नाही, याची वीटवाल्याला लाज वाटली. त्यानं बायकोला बाजूला घेतलं.

"अगं, थोडा ओला पेंढा टाक."

"पेटत्या भट्टीत? कशाला?"

"पाहुणी आलीय. काहीतरी दिसायला नको?"

बायकोनं कपाळाला आठ्या घातल्या, पण ओल्या पेंढ्याचा भारा आणून भट्टीच्या तोंडात कोंबला. धाकट्यालाही चेव आला. त्यानं सायकलच्या जुन्या टायरचा तुकडा आणून आत भिरकावला. मग जो धूर निघाला तो वीटवाल्यानंही जन्मात पाहिला नव्हता. कॅमेरावाली मागे मागे सरत गेली. तिचे डोळे वाहत होते, पण ती खूश दिसत होती. वीटवाला धुरातून बाहेर आला आणि तिच्याकडे बघून छान हसला. जाताना तिनं त्याचा हात हातात घेऊन आभार मानले. पुढे वर्षभर तो ज्याला त्याला सांगत होता, "मी सिनेमात आहे."

आणि तो सिनेमा गावात आला. शाळेच्या बाईंनीच खटपट करून मागवला होता. त्यांनाही आत काय आहे ते ठाऊक नव्हतं. पत्र्याच्या शाळेत भरदुपारी खेळ ठेवला, कारण त्या वेळी शेतात कुणी उभं राहू शकत नव्हतं. अंधार व्हावा म्हणून खिडक्यांना चादरी लावल्या, दार लावलं. गाव आत कोंबलं गेलं. वीटवाला इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसला. शेजारी बायको, तिच्या पलीकडे धाकटा.

पडद्यावर बर्फाचे कडे समुद्रात कोसळत होते आणि आत माणसं घामानं निथळत होती.

"दार उघडा रे, जीव चाललाय," मागून कुणीतरी म्हणालं.

दार उघडलं. पडदा पांढराफटक झाला, बर्फही गेलं आणि समुद्रही गेला.

"लाव ते दार. काही दिसत नाही."

दार लावलं. असं तीन-चार वेळा झालं. पूर आले, वणवे आले, भेगाळलेली जमीन आली. मग एकाएकी कालव्याचं वळण आलं आणि सगळे ओरडले, "अरे, आपला कालवा!" वीटवाला खुर्चीत ताठ बसला.

पडदाभर धूर पसरला. काळा, पिवळा, लोळच्या लोळ. धुरातून वीटवाल्याचा चेहरा बाहेर आला आणि हसला. त्याचे दात तेवढे पांढरे दिसले. त्यावर एक संथ, भारदस्त आवाज बोलला, "माणूस आपल्याच घराला आग लावतो आहे, आणि त्याला ते कळतही नाही."

लगेच पांढरं अस्वल आलं. अस्वल बराच वेळ पडद्यावर होतं. वीटवाल्याच्या वाट्याला त्याच्या निम्मा वेळही आला नाही, पण तेवढ्यात व्हायचं ते होऊन गेलं. त्याच्या मागच्या रांगेत कुणीतरी खुसखुसलं. बायकोनं मान खाली घातली. मामा भिंतीला टेकून बसला होता, तो एकदाच खोकला. तो खोकला वीटवाल्याला पाठीत जाणवला.

खेळ संपल्यावर लोक बाहेर येऊन झाडाखाली उभे राहिले. मग सगळेच बोलायला लागले.

"बर्फ वितळतंय तर वितळू दे की," दुकानदार म्हणाला, "आपल्याला पाणीच पाहिजे ना?"

"ते पाणी खारं असतं," सलूनवाला म्हणाला.

"मग आधी सांगायला नको?"

एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, त्यांच्या लहानपणी यापेक्षा जास्त ऊन होतं, फक्त तेव्हा कुणी त्याचा सिनेमा काढत नव्हतं. एकजण म्हणाला, हे सगळं मोठ्या शहरातल्या लोकांनी केलंय आणि बिल आपल्या नावावर फाडलंय. दोघी बहिणी मात्र खरंच घाबरल्या होत्या. त्या बाईंना विचारत होत्या, आपल्या मुलांचं पुढे कसं होणार. बाईंनी त्यांना जे सांगितलं त्यानं त्या अजूनच घाबरल्या.

पुढचे काही दिवस गावात त्या सिनेमाचा अंमल होता. दुकानदारानं रात्री फ्रिज बंद ठेवला, दूध नासलं, फ्रिज चालू झाला. गावसमितीच्या अध्यक्षांचा मुलगा मोटरसायकल घरी ठेवून शेतावर चालत गेला आणि येताना दुसऱ्याच्या मोटरसायकलवर मागे बसून आला. सलूनवाल्यानं पंखा बंद केला, तेव्हा तोंडाला साबण लावलेलं गिऱ्हाईक उठून गेलं. हळूहळू सगळं पहिल्यासारखं झालं. उरली भट्टी. भट्टी गावाच्या कुठल्याही कोपऱ्यातून दिसायची.

वीटवाल्याला नवीन नाव पडलं. "काय ग्लोबल, कुठं निघालात?" "ग्लोबल, आज फार तापवलंत हो." आधी तोही हसायचा. मग लहान पोरं म्हणायला लागली, तेव्हा हसणं थांबलं. नळावर त्याच्या बायकोला एकीनं सांगितलं, "तुझी घागर जरा लांब ठेव." बोलणारीच्या घराच्या विटा हिनंच थापल्या होत्या. हिला ते आठवलं, तोंडापर्यंतही आलं, पण ती घागर उचलून रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. घरी आल्यावर तिनं पोती भिजवायला घेतली.

विटा तयार झाल्या. रचायच्या त्या दिवशी सकाळी समितीचा निरोप आला, भट्टीचा विषय सभेत घेणार आहोत, तोवर पेटवू नये. वीटवाला आभाळाकडे बघत उभा राहिला. दक्षिणेला ढगांची एक मळकट कड दिसत होती. तशी ती हंगामाच्या फार आधी आली होती. कच्च्या विटांचा तो ढीग म्हणजे तिघांचं सगळं वर्ष होतं, आणि एका जोरदार सरीत त्याचा चिखल झाला असता.

सभा समितीच्या पडवीत भरली. अध्यक्ष स्वभावानं वाईट नव्हते, फक्त त्यांना नाव जायची फार भीती होती.

"माझ्या मेहुण्याचा फोन आला होता," ते म्हणाले. "कुठं तरी लांब बघितला त्यानं तो सिनेमा. म्हणतो, तुमच्या गावात काय जळतंय? मी काय सांगू?"

"विटा भाजतात म्हणून सांगा," वीटवाला म्हणाला. "तुमचं घरही त्याच विटांचं आहे."

"म्हणून तर समजुतीनं घेतोय."

"भट्टी बंद केली तर ऊन कमी होईल का?" दुकानदारानं विचारलं.

"थोडं तरी होईलच," सलूनवाला म्हणाला.

"किती?"

"ते बाईंना विचारा."

सगळे बाईंकडे वळले. बाई उभ्या राहिल्या. "एका भट्टीनं ऊन कमी-जास्त होत नाही," त्या म्हणाल्या. "अशा लाखो भट्ट्या, कारखाने, गाड्या मिळून होतं. आणि खरं सांगायचं तर धूर वेगळा आणि हे वेगळं. लाकूड जळलं की जो वायू निघतो तो डोळ्यांना दिसत नाही. धूर असो की नसो, लाकूड तेवढंच जळलं तर वायू तेवढाच निघणार."

"दिसतच नाही?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही."

"मग बाई, जे दिसत नाही त्याच्यावर सभा कशी घ्यायची? आजचा विषय धुराचा आहे."

बाई आणखी काही बोलणार होत्या. पण त्यांनी रुमालानं मान पुसली आणि खाली बसल्या.

वीटवाल्याला एक वाक्य बोलायचं होतं आणि तेच त्याच्या तोंडून निघत नव्हतं. सभेला यायच्या आधी बायकोनं त्याला दहादा बजावलं होतं. तिनं बाजूनं बघितलं, तो पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होता. तेव्हा ती उठली.

"तो धूर खोटा आहे," ती म्हणाली.

पडवीतल्या माना तिच्याकडे वळल्या.

"आमच्या भट्टीला तसला धूर नसतो. तुम्ही इतकी वर्षं बघताय, कधी दिसला होता का? पाहुणी आली म्हणून ह्यांनी सांगितलं, आणि ओला पेंढा मी टाकला. टायरचा तुकडा भाऊजींनी टाकला."

धाकट्यानं चटकन दुसरीकडे बघितलं. आधी एकजण हसला, मग सगळी पडवी हसली. अध्यक्षही हसले. "म्हणजे पाहुणचार केला म्हणायचा," कुणीतरी बोललं आणि पुन्हा हसण्याची लाट आली. वीटवाल्याला ते हसणं सोसलं असतं. पण कोपऱ्यात बसलेला मामा हसला नाही.

"ओला पेंढा?" मामा म्हणाला. "पेटत्या भट्टीत?"

"हो मामा."

"सांगू नकोस कुणाला, मी शिकवलं म्हणून."

वीटवाल्याच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. जगाला आग लावल्याचा आरोप त्यानं कसाबसा गिळला होता, पण हे त्याच्या गळ्याखाली उतरेना. ज्या माणसाच्या हाताखाली तो आच बघायला शिकला, त्याच्यासमोर आज तो एखाद्या नवशिक्यासारखा उभा होता.

अध्यक्षांनी निकाल दिला. भट्टी पेटवायची, पण गावासमोर पेटवायची. धूर दिसला नाही तर दरवर्षी खुशाल पेटवा. दिसला तर हीच शेवटची, आणि तीही तिथल्या तिथे विझवायची. सगळ्यांना हा निकाल आवडला. विझवलेल्या भट्टीतल्या विटांचं काय होतं हे फक्त वीटवाल्याला, त्याच्या माणसांना आणि मामाला माहीत होतं. त्या ना कच्च्या राहतात, ना पक्क्या होतात. चिखलातही मिसळत नाहीत.

मग काम सुरू झालं. धूर नको म्हणजे लाकूड खडखडीत वाळलेलं हवं आणि बारीक हवं. वाळलेल्या लाकडाची ददात नव्हती. त्या उन्हाळ्यात कालव्याकाठची कितीतरी झाडं उभ्या उभ्या वाळून गेली होती. पण नेहमी मांडीएवढे ओंडके टाकून भागायचं, आता त्याच ओंडक्यांच्या ढलप्या काढायच्या होत्या. वीटवाला पाचर ठोकायचा, धाकटा कुऱ्हाड चालवायचा. बायको ढलप्या उचलून उन्हात उभ्या करायची. वाळकं लाकूड लोखंडासारखं झालं होतं, कुऱ्हाड उसळून परत यायची. धाकट्याच्या तळहाताला फोड आले, फुटले आणि दांडा चिकट झाला. दांड्याला त्यानं राख लावली आणि पुन्हा सुरुवात केली.

"दादा, ऊन कमी करण्यासाठी उन्हात मरायला लागलोय आपण," तो म्हणाला.

"कुऱ्हाड चालव."

मधल्या काळात भट्टी रचून झाली. विटेवर वीट, मध्ये बोटभर फट, खाली आगीची तीन तोंडं, बाहेरून चिखलाचा जाड लेप. एका संध्याकाळी मामा काठी टेकत आला. भट्टीभोवती फिरून त्यानं एका जागी लेपावर टिचकी मारली. "इथं भेग पडेल," एवढंच बोलला आणि निघून गेला. वीटवाल्यानं ती जागा खरवडून पुन्हा लिंपली. मामा आला याचंच त्याला बरं वाटलं.

पेटवायच्या दिवशी पहाटेपासून लोक जमले. कुणी खुर्च्या आणल्या, कुणी चहाची किटली आणली. मॅच बघायला यावं तसं गाव झाडाखाली बसलं. अध्यक्ष मध्यभागी. बाई शाळेला सुट्टी देऊन आल्या होत्या. आभाळात ती मळकट कड आता बरीच वर चढली होती.

तिन्ही तोंडांत आग लागली. वीटवाला मूठ-मूठ ढलप्या टाकत होता. एक मूठ पेटून लालबुंद झाल्याशिवाय दुसरी नाही. मूठ चुकली, जास्त पडली, तर धूर. उशीर झाला, आग बसली, तर पुढच्या मुठीला धूर. तिघं तीन तोंडांशी बसले होते.

सूर्य वर आला तेव्हा भट्टीच्या माथ्यातून पांढरे झोत निघायला लागले.

"धूर!" सलूनवाला उभा राहिला.

"आला धूर!" झाडाखालचं सगळं गाव उठलं. अध्यक्षही उठले. दोन तरुण बादल्या घेऊन कालव्याकडे निघाले.

"धूर नाही तो," वीटवाला ओरडला, पण तोंड सोडून त्याला उठता येईना. "वाफ आहे. विटांतलं पाणी आहे ते."

"गुन्हेगार असंच म्हणणार," दुकानदार म्हणाला. काहीजण हसले, पण बादल्या भरून आल्या होत्या.

तेव्हा मामा उठला. शिडी टेकवून तो एकेक पायरी चढायला लागला. प्रत्येक पायरीवर तो खोकत होता आणि खालून सगळे बघत होते. वर जाऊन त्यानं आपला तळहात त्या पांढऱ्या झोतावर धरला, चांगला चटका बसेपर्यंत धरला. मग तसाच खाली उतरला आणि हात अध्यक्षांपुढे केला.

"बघा."

अध्यक्षांनी बघितलं. हात लाल झाला होता आणि ओला होता. काळा नव्हता.

"हात लावून बघा. धुरानं हात ओला होतो का?"

अध्यक्षांनी एका बोटानं स्पर्श केला. "पाणी आहे," ते गावाकडे वळून म्हणाले. "बसा सगळे." बादल्या खाली ठेवल्या गेल्या. मामा वीटवाल्याच्या मागून जाताना थांबला. "मूठ लहान कर," म्हणाला. वीटवाल्यानं मूठ लहान केली.

दुपारी ऊन आणि आच यांत फरक उरला नाही. झाडाखालचे लोक पेंगायला लागले. तोंडाशी बसलेल्यांच्या अंगावरचा घाम आधी वाहत होता, मग त्याचं मीठ झालं, मग तेही येईना. बायकोनं एक मूठ टाकली, दुसरी उचलली आणि बसल्या जागी एका बाजूला कलंडली.

"वहिनी!"

धाकट्यानं धावत जाऊन तिला ओढून सावलीत नेलं. वीटवाला आपल्या तोंडाशी होता. आता धाकट्याचंही तोंड रिकामं होतं आणि बायकोचंही. तो तिन्ही तोंडांमध्ये धावायला लागला. एकदा त्यानं झाडाकडे बघितलं. दोघी-तिघी तिच्या तोंडावर पाणी मारत होत्या, त्यात ती घागर लांब ठेवायला सांगणारीही होती. तो तिकडे गेला नाही. त्यानं पुढची मूठ टाकली. टाकताना त्याला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटत असतानाच तो त्याच्या पुढची उचलत होता.

मधल्या तोंडाशी कुणीतरी बसलं. त्यानं वळून बघितलं तर शाळेच्या बाई. त्यांनी बाह्या वर केल्या होत्या.

"किती टाकायचं?"

"मुठीएवढं. लाल झाल्याशिवाय दुसरं नाही."

बाईंनी ढलप्या उचलून आत टाकल्या. आचेनं त्यांनी चेहरा बाजूला केला, पण उठल्या नाहीत. थोड्या वेळानं धाकटा परत आला. संध्याकाळपर्यंत तिघं होते, फक्त बायकोच्या जागी बाई होत्या.

ऊन कललं तेव्हा मामानं फटीतून आत बघितलं. विटा आतून नारिंगी दिसत होत्या. "लावा तोंडं," तो म्हणाला. वीटवाल्यानं तिन्ही तोंडं विटा-चिखलानं बंद केली. दिवसभरात एकदाही धूर दिसला नव्हता. अध्यक्षांनी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवली. "गाव धूरमुक्त झालं," अध्यक्ष म्हणाले आणि फोन काढून मेहुण्याला लावला. दुकानदार म्हणाला, आता जरा गार वाटतंय. संध्याकाळ झाली होती, गार वाटणारच होतं.

वीटवाला सावलीत बायकोपाशी जाऊन बसला. ती उठून बसली होती, ओठ सुकले होते.

"मला तोंड सोडता आलं नाही," तो म्हणाला.

"सोडलं असतंत तर मीच ओरडले असते."

तिनं आपल्याजवळचं पाण्याचं भांडं त्याच्याकडे सरकवलं. तो एका दमात सगळं प्याला.

बाई लाकडं ठेवली होती त्या जागेपाशी उभ्या होत्या. तिथं आता नुसता भुगा होता. वीटवाला उठून तिकडे गेला.

"दरवर्षी एवढंच लागतं?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलावं असं त्याला वाटलं. बोलणं सोपंही होतं. पण बाईंचे हात कोपरापर्यंत काळे होते, आणि तसले हात असलेल्या माणसाशी त्याला खोटं बोलवेना.

"दरवर्षी कमी लागतं," तो म्हणाला. "यंदा तोंडं सारखी उघडी राहिली, आच बाहेर गेली. यंदा बरंच जास्त लागलं."

"म्हणजे तो न दिसणारा वायूही जास्तच," बाई हळूच म्हणाल्या. चार पावलांवर अध्यक्ष फोनवर हसत होते. बाईंनी एक हाक मारली असती, तर आजच्या सगळ्या दिवसाचं पाणी झालं असतं. वीटवाला थांबून राहिला. बाईंनी भट्टीकडे बघितलं, मग भट्टीच्या पलीकडे, जिथं शाळेचा पत्रा अजून चकाकत होता.

"विटा कधी मिळतील?" त्यांनी विचारलं.

"गार झाल्या की."

"वेळ लागेल?"

"लागेल बाई. वरून हात लावला की वाटतं गार झाल्या. आत तशीच आग असते."

बाईंनी मान हलवली.

"बाई, फोटोला या," अध्यक्षांनी हाक मारली. "ग्लोबल, तूही ये रे. तुझ्याशिवाय कसला फोटो!"

सगळे भट्टीसमोर उभे राहिले. अध्यक्ष मध्ये, एका बाजूला बाई, काळे हात मागे धरलेल्या, दुसऱ्या बाजूला वीटवाला. मागे भट्टी, तिच्यावर स्वच्छ, रिकामं आभाळ, आणि एका कोपऱ्यात ढग. सलूनवाल्यानं फोन डोळ्यांसमोर धरला.

"ग्लोबल, हस की. मागच्या वेळी कसा हसला होतास!"

सगळे हसले. वीटवाल्यानं या वेळी तोंड मिटून ठेवलं.